बिशपसाहेब मस्कतला येणार

२० सप्टेंबर, शुक्रवार

ही डायरी म्हणजे प्रायश्चित्त आहे. पापनिवेदनाला गेलो आणि नेहमीप्रमाणे जिभेची पापं सांगितली, म्हणजे या आठवड्यात कुणाला काय बोललो ते. फादर म्हणाले, "फ्रेडरिक, तू पापं सांगतोस की किस्से? मला हसू येतं, आणि इथे बसून हसणं बरं दिसत नाही. या वेळी प्रार्थना नकोत. रोज कुणाचे तरी आभार मान, आणि ते लिहून काढ. नाताळपर्यंत."

मी म्हणालो, "रोज? मस्कतमध्ये?"

"हे बघ, परत सुरू झालास."

तर मी, फ्रेडरिक तुस्कानो, मूळ वसईतलं नंदाखाल, वादी कबीरला पाइपांच्या कंपनीत खरेदी विभागात बावीस वर्षं घासलेला माणूस, आजपासून आभार मानणार आहे.

खरं तर आज मानण्यासारखं काही झालंही. गणपती उरकल्यावर इथल्या मराठी मंडळाची खोली शुक्रवारी सकाळी रिकामी असते. ती मी मुलांच्या मराठी वर्गासाठी मागितली. अध्यक्ष जनार्दन घाडीगावकर म्हणाले, "तुस्कानोसाहेब, कल्पना उत्तम. तुमचं मराठी किती छान आहे हो!" हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय. चारशे वर्षं वसईच्या केळीच्या बागांत आम्ही काय फ्रेंच बोलत होतो? पण आभार मानायचे आहेत, म्हणून गप्प बसलो.

अट अशी: दसऱ्यापर्यंत पंधरा मुलं जमली तर खोली माझी. नाही जमली तर मनालीवहिनींच्या झुंबाची. मनालीवहिनी या अध्यक्षांच्या पत्नी. बाकी लोकशाही आहेच.

वर्ग कशाला, असं मला कुणी विचारलं नाही. इथे लिहितो. गेल्या महिन्यात नॅटलीने आजीला फोन केला. तेरा वर्षांची घोडी माझी, म्हणाली, "आजी, तू जेवण झाली?" पलीकडून आई सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. पर्यटकांशी बोलतात तशी. नंतर मला वेगळा फोन करून विचारलं, "फ्रेडी, पोरीला मी कळते का रे?"

आजचे आभार: एसीचे. चालला.

२२ सप्टेंबर, रविवार

वर्गाच्या उद्घाटनाला मी व्याख्यान देणार. विषय सुचला तेव्हा स्वतःवरच खूश झालो. आमचा जुना मॅनेजर स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा होता. निवृत्त होऊन जाताना त्याने पुस्तकांचं एक खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात निघाले बिशप विल्यम एल्फिन्स्टन. पंधराव्या शतकातला माणूस. वडील धर्मगुरू, आईवडिलांचं लग्न झालेलं नाही, म्हणजे जन्मापासून लोकांची बोटं याच्याकडे. तो शिकला, फ्रान्समध्ये शिकवून आला, बिशप झाला, आणि स्कॉटलंडच्या पार उत्तरेला विद्यापीठ काढून बसला. का? तर तिथल्या लोकांना डोंगर आणि समुद्राने तोडलेलं होतं, शिकायला जायला वाटच नव्हती. हे वाचताना खिडकीबाहेर बघितलं. डोंगर. आणि त्याच्यामागे समुद्र.

संध्याकाळी कलावतीताईंकडे गेलो. त्या मंडळाच्या चिटणीस, चिपळूणच्या, इथे विमा विकतात. माझा, बायकोचा म्हणजे जसिंताचा, गाडीचा आणि मला कळायच्या आत माझ्या गुडघ्यांचाही विमा त्यांनी उतरवलेला आहे. माणूस म्हणून सोनं. सामान्यज्ञान मात्र बेताचं.

"एल्फिन्स्टन म्हणजे आपला कॉलेजवाला?"

"नाही हो ताई. तो मुंबईचा गव्हर्नर, तीनशे वर्षांनंतरचा. हे बिशप."

"आणि हयात नाहीत ना? नक्की?"

मी चष्मा काढून पुसला. "पंधराशे चौदा साली वारले."

"मागे कुणी? म्हणजे हरकतबिरकत घेणारं?"

"बिशप होते, ताई."

"तेच म्हणते. तक्रारीला कुणी येणार नाही." असं म्हणून त्यांनी साल लिहून घेतलं, जणू पॉलिसीच काढायची आहे. मग म्हणाल्या, "फोटो आहे का त्यांचा? टोपीबिपीतला?"

चित्र पाठवलं. उंच मुकुट, जरीचा झगा, हात जोडलेले. "अय्या, नमस्कार करतायत!" ताई म्हणाल्या.

आजचे आभार: ताईंच्या कोकम सरबताचे. ज्ञानाचं काही खरं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ग्रुपवर सूचना टाकून तीन दिवस झाले: 'मध्ययुगीन स्कॉटलंडमधील एक ज्ञानोपासक', व्याख्याते श्री. तुस्कानो. येतो म्हणणारे चार. त्यातल्या एकाने विचारलंय, वडापाव आहे का? वर्गासाठी मुलं तीन, त्यातली एक माझी, आणि तीसुद्धा आईने डोळे वटारल्यावर.

आज वाटलं, सोडून द्यावं. मुलं इंग्रजी बोलतात, इंग्रजीत हसतात, बहुधा स्वप्नंही इंग्रजीतच बघतात. त्यांना काय कमी आहे? कमी आहे ती आपल्याला. आपण आपल्या आयांना तोंड दाखवायला मुलांच्या सुट्टीचा एक दिवस मागतोय. हे खरं असेल का? असेल. पण आईचा तो सावकाश आवाज कानातून जात नाही.

एक चांगली गोष्ट मात्र घडली. नॅटली आपणहून जवळ आली. "डॅडी, 'प्रमुख पाहुणे' मराठीत कसं लिहायचं?" मी हातातला चहा खाली ठेवला. अक्षर अक्षर लिहून दाखवलं. मग तिने 'संस्थापक' विचारलं. मग 'छायाचित्राची संधी'! लॅपटॉप घेऊन बसली होती, मी डोकावलो तर झाकण मिटलं. लाजली असेल. शिकण्याची लाज वाटण्याचं वय आहे.

जसिंताला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती फोनवर कलावतीताईंशी बोलत होती आणि ओट्याला धरून हसत होती. मला बघून गंभीर झाली. "भरल्या वांग्यांची रेसिपी विचारत होते," म्हणाली. भरल्या वांग्यांत हसण्यासारखं काय असतं, देव जाणे.

आजचे आभार: नॅटलीचे. मनापासून.

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी उठून फोन बघितला आणि परत झोपावंसं वाटलं. मंडळाच्या ग्रुपवर सोनेरी किनारीचं निमंत्रण:

'मराठी वर्गाचा शुभारंभ, दसऱ्याच्या मुहूर्तावर. प्रमुख पाहुणे: बिशप विल्यम एल्फिन्स्टन (स्कॉटलंड), विद्यापीठाचे संस्थापक. वर्गात नाव घालणाऱ्या मुलांना पाहुण्यांसोबत छायाचित्राची संधी. जागा मर्यादित.'

कलावतीताईंना फोन लावला. "ताई! बिशप मेलेत!"

"अगोबाई! कधी?"

"पंधराशे चौदा साली! मी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं असेल हो. तुम्ही एवढं सांगता, त्यातलं काय काय धरून ठेवायचं? 'विषय' म्हणून नाव होतं, ते 'पाहुणे' म्हणून पडलं वाटतं."

"दुरुस्ती पाठवा. आत्ता."

"पाठवते की."

पाठवलीही. 'कार्यक्रम साडेपाचऐवजी पाच वाजता सुरू होईल. तसदीबद्दल क्षमस्व.' त्याखाली छपन्न लोकांचे अंगठे.

मी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहत नाही, हे मला संसाराने शिकवलेलं आहेच. पण विमा विकणाऱ्या बाईने जिवंत आणि मेलेला यात गल्लत करावी?

स्वतःच खुलासा टाकणार होतो, तेवढ्यात घाडीगावकरांचा फोन. "तुस्कानोसाहेब, थेट परदेशी बिशप! कळवायचं तरी! विमानतळावर घ्यायला कोण जातंय?"

"त्याची गरज पडणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे दूतावासाची गाडी! वा! बरं ऐका, मनालीने आमच्या दोन्ही पोरांची नावं घातलीत तुमच्या वर्गात. तेवढी पुढची रांग बघा. आतापर्यंत अकरा झालीत म्हणे."

तोंड उघडलं होतं. मिटलं. झुंबावाल्या बाईंची मुलं माझ्या वर्गात! हे पाप नाताळच्या आधी सांगावं लागणार.

आजचे आभार: सुचत नाहीत. फादर, हा एक दिवस सोडून द्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. ऑफिसात इम्रान, आमचा पाकिस्तानी स्टोअरकीपर, विचारतो, "सर, आपके यहाँ कोई बड़े बिशप आ रहे हैं?" बातमी सीमेपलीकडेही गेली.

जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या विशाखावहिनींचा फोन. "पाहुणे शाकाहारी आहेत का?"

"सध्या काहीच घेत नाहीत."

"उपास? नवरात्राचा? बघा, नाहीतर आपली पोरं!"

खाबुऱ्याहून दोन कुटुंबं गाडी करून येणार आहेत. एवढ्या लांबून यायचं म्हणून वर्ग ऑनलाइनही ठेवता येईल का, असं विचारत होती. ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. वसईची मंडळी गाणी बसवतायत. आकडा पंधराच्या कधीच पुढे गेला. मी दररोज ठरवतो की आज खरं सांगायचं, आणि दररोज आणखी एक आई फोन करते. "सर, आमच्या मुलाला घ्याल ना? बोलतो थोडं थोडं." बिशपबद्दल चार प्रश्न विचारतात आणि पाचव्याला आवाज बदलतो. "गावी गेलो की आजोबांशी बोलायचं टाळतो हो." हे लोक माझ्या व्याख्यानाला आले नसते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला टोमणा मारला असता.

संध्याकाळी फादरांचा फोन. "फ्रेडरिक, माझ्या गावात बिशप येतो आणि मला पत्ता नाही?"

"फादर, ते पाचशे वर्षांपूर्वी वारले."

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला, मग ते दाबलंही गेलं नाही. मग म्हणाले, "मी येणार. काहीही झालं तरी येणार."

"मी काय करू?"

"खरं सांग. पण सगळे बसल्यावर सांग."

आजचे आभार: फादरांचे, पलीकडून हसल्याबद्दल.

१० ऑक्टोबर, गुरुवार

भाषणाचा कागद तिसऱ्यांदा नव्याने लिहिला. जसिंता म्हणते, "अहो, होईल नीट." तिला काय, तिला स्टेजवर जायचं नाही. नॅटलीने मात्र कमाल केली. माझ्या भाषणाचा कागद घेतला आणि म्हणाली, "डॅडी, हे खूप मोठं आहे. लोक झोपणार." सगळं मराठीत. चूक एकही नाही. एवढ्या आनंदात अपमान लक्षातच आला नाही.

भाषण अर्ध्यावर आणलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

उशीर झालाय, पण झोपण्याआधी लिहितोच.

हॉल गच्च. मधल्या खुर्चीवर पांढरा टॉवेल घातलेला, समोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन दारावर डोळे लावून उभे. पहिल्या रांगेत मुलं झब्बे आणि परकरपोलक्यांत, हातात मत्रहच्या बाजारातून आणलेल्या पाट्या. शेवटच्या रांगेत फादर, आतापासूनच रुमाल तोंडावर धरून.

मी माईक घेतला. "मित्रहो, प्रमुख पाहुणे येऊ शकणार नाहीत."

कुजबुज. मागून कुणीतरी, "फ्लाइट लेट?"

"नाही. ते पंधराशे चौदा साली वारले."

घाडीगावकरांच्या हातातला नारळ पडला नाही एवढंच. मनालीवहिनींच्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: आता एकेक आई उठेल, मुलाचा हात धरेल आणि वर्ग संपला.

तेवढ्यात बाजूच्या दारातून कलावतीताई आल्या, हातात फ्रेम. हात जोडलेले बिशपसाहेब, झेंडूचा हार घातलेले. फ्रेम त्यांनी थेट मधल्या खुर्चीवर, सरस्वतीच्या तसबिरीशेजारी ठेवली आणि माईक न घेता म्हणाल्या, "चला, प्रतिमापूजनाला कोण येतंय? अध्यक्ष, दीप लावा."

आणि सगळा हॉल सैल पडला! मराठी समारंभात जिवंत पाहुणा असेल तर माणसं वैतागतात. तो उशिरा येतो, लांब बोलतो. फ्रेममधला पाहुणा मात्र आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्याला हार घालायचा, दिवा लावायचा, नमस्कार करायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. घाडीगावकरांचे हात आपोआप समईकडे गेले. शाल कुणाला द्यायची हा प्रश्न होता, तीही ताईंनी फ्रेमला गुंडाळली. खाबुऱ्याचे एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "वारलेले पाहुणे बरे. भाषण नाही." हशाच हशा. फादर उठून बाहेर गेले, बहुधा पाणी प्यायला.

त्या हशात मी बोललो. कागद खिशातच राहिला. सांगितलं की या माणसाच्या खटपटीने राजाच्या नावाने पोपकडे अर्ज गेला, आणि त्यात तिथल्या लोकांना अडाणी आणि जवळजवळ रानटी म्हटलं होतं. ("आमचीच कार्टी!" मागून एक बाप.) सांगितलं की ज्याच्या जन्मावर लोकांनी बोट ठेवलं, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी दारं उघडली. वैद्यक शिकवायला माणूस नेमला, देशात छापखाना यावा म्हणून धडपडला. नदीवर पूल बांधायला घेतला, तो पुरा झालेला बघायला मात्र उरला नाही. "तुमची मुलं आता वर्गात बसतील," मी म्हणालो, "तीही कुठवर जातील ते बघायला आपण सगळे असूच असं नाही. पण पाटी तरी हातात देऊ या."

हे कुठून आलं, मला माहीत नाही. लिहिलेलं नव्हतं.

मग मुलांनी पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली, आणि एकेकाने बिशपसाहेबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. हात जोडून, ते उभे आहेत तसेच. घाडीगावकरांच्या धाकट्याने तर "थँक यू, अंकल" म्हटलं फ्रेमला. फक्त एका आईने नाव मागे घेतलं. बत्तीस उरली.

एक गोष्ट नवलाची. फ्रेमखाली छापलं होतं: १४३१ ते १५१४. ताईंना जन्माचं साल कुठून कळलं? रुवीच्या छपाईवाल्याने बघून घातलं असावं. चांगला दिसतोय माणूस. आणि फ्रेम नेमकी आज तयार होती, हाही योगायोगच म्हणायचा.

आजचे आभार: देवाचे, छपाईवाल्याचे, झेंडूचे, खाबुऱ्याच्या आजोबांचे. पान पुरणार नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून वर्ग. पण आधी घाडीगावकरांनी कार्यकारिणीची तातडीची बैठक लावली होती, वर्गाच्या खोलीतच. खाली रस्त्यावर गाड्या लागत होत्या, मुलं जिन्यात बसलेली, आणि आम्ही आत.

"प्रश्न वर्गाचा नाही," घाडीगावकर म्हणाले. याचा अर्थ प्रश्न वर्गाचाच होता. "पालकांची नावं दिशाभूल करून घेतली गेली. मंडळाची अब्रू आहे. हे मुद्दाम झालं असेल तर नोंदणी रद्द करून पुन्हा घ्यावी लागेल. तोपर्यंत खोली..."

"झुंबाला," मी म्हणालो. चुकून.

"मी फक्त विचारतो. कलावतीताई, निमंत्रण तुम्ही काढलंत. बिशप हयात नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

ताई मान खाली घालून पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. दारात जसिंता चहाचा ट्रे घेऊन थिजली होती. मला त्या बाईची दया आली. सबंध समितीसमोर एका साध्यासुध्या माणसाला असं उभं करायचं? मी उठलो.

"अध्यक्ष, त्यांना काय ठाऊक असणार! मी साक्षीदार आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, हे कॉलेजवाले का? मी सगळं समजावलं, पण ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. त्यांना इतिहासाचा गंध नाही. स्कॉटलंड कुठे आहे हेही सांगता येणार नाही. ताई, येईल का?"

ताईंनी खालच्या मानेनेच नकार दिला.

"बघा! अशा माणसाकडून फसवणूक होते? फसवायला आधी माहिती असावी लागते. हे निव्वळ अज्ञान आहे, आणि अज्ञानाला शिक्षा नाही. एरवी आपल्या कार्यकारिणीत कोण उरेल?"

हा शेवटचा टोमणा नको होता, पण लोक हसले, आणि समितीतल्या इतरांनी माना डोलावल्या. शिवाय मनालीवहिनी स्वतः जिन्यातून आत डोकावून म्हणाल्या, "अहो, आटपा ना. पोरं खोळंबलीयेत. धाकटा सकाळपासून पाटी घेऊन बसलाय." घाडीगावकरांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अनवधानाने झालेली चूक म्हणून नोंद करू या," म्हणाले. "यल्ला, मुलांना आत घ्या."

वर्ग झाला. काय शिकवलं ते आठवत नाही. बत्तीस आवाज एकदम मराठीत 'आई' म्हणाले तेव्हा मला थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं. दुपारी नॅटलीने नंदाखालला फोन लावला आणि मला खोलीबाहेर काढलं. दाराआडून आईचा आवाज आला, भरभर, एकात एक घुसलेले शब्द. आई तिला कशावरून तरी रागावत होती.

त्याआधी, वर्गातून निघताना कलावतीताई माझ्याजवळ आल्या. "भाऊ, आज तुम्ही होतात म्हणून. तुमचे फार उपकार झाले."

मी म्हणालो, "ताई, माणसाला सगळंच यायला हवं असं नाही. तुमचं मन चांगलं आहे." वाचायला बिशपांचं पुस्तकही देतो म्हणालो. तोंडावर पदर धरून त्या तशाच बाहेर पडल्या.

महिनाभर मी रोज कुणाकुणाचे आभार शोधत होतो. आज कुणीतरी माझे मानले. देवा, एवढ्या बेताच्या समजेच्या माणसांकडूनही तू केवढी कामं करून घेतोस!

खाली उतरलो तर जिन्याच्या वळणावर ताई आणि जसिंता एकमेकींना घट्ट धरून उभ्या. दोघींचे खांदे गदगदत होते. मी पाय न वाजवता बाजूने निघून गेलो. बायकांना मनसोक्त रडू द्यावं.